ओडीडी निदान झालेलं मूल घरात असेल तर रोजचं काय, कसं? (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भाग)

खानापूर_रोड

ह्या विषयावर विचारणा वारंवार होते आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली असतात, म्हणून एकच धागा काढतोय. ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर, म्हणजे सतत चिडणं, हुज्जत घालणं आणि मोठ्यांना विरोध करणं याचा विकार, पुढे नुसतं ओडीडी म्हणू. डॉक्टर निदान करतात, 'पेरेंट ट्रेनिंग घ्या' म्हणतात आणि पुढची तारीख महिन्याने देतात. मधल्या महिन्यात घरी काय करायचं?

इथे अनुभवकथन नको. हातात घेऊन उद्यापासून करता येईल असं सांगा. मुलाचं, शाळेचं, डॉक्टरांचं नाव लिहू नका. 'दोन ठेवून द्या, सरळ येतंय' असला सल्ला कृपया दुसऱ्या धाग्यावर.

---

बालमानस

आधी निदानाचा कागद नीट वाचा. डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) आठ लक्षणं आहेत: वारंवार ताबा सुटणं, चटकन दुखावणं, सतत रागात असणं, मोठ्यांशी हुज्जत, नियम किंवा सांगितलेलं मुद्दाम मोडणं, मुद्दाम डिवचणं, स्वतःच्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फोडणं आणि डूख धरणं. यातली किमान चार, किमान सहा महिने, आणि भावंड सोडून निदान एका तरी माणसाशी. म्हणजे फक्त धाकट्या बहिणीशीच भांडणारं पोर यात बसत नाही.

किती वेळा, हेही ठरलेलं आहे. पाच वर्षांखाली बहुतेक दिवस, पाच आणि पुढे आठवड्यातून एकदा तरी. डूख धरणं सहा महिन्यांत किमान दोनदा. एकाच ठिकाणी दिसत असेल तर सौम्य, दोन ठिकाणी मध्यम, तीन किंवा जास्त ठिकाणी तीव्र. बरीच मुलं शाळेत शहाणी आणि घरी आग असतात. तेव्हा शिक्षक 'आमच्याकडे तर चांगला असतो' म्हणाले म्हणून आईवर संशय घेऊ नका.

कागदावर नुसतं 'ओडीडी' असेल तर पुढच्या भेटीत विचारा: एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) तपासलं का? अक्षर-वाचनाची अडचण? काळजीचा विकार? झोप, घोरणं, हिमोग्लोबिन? ओडीडी एकटं येतं त्यापेक्षा जोडीने जास्त येतं, आणि जोडीदाराला हात न लावता नुसत्या ओडीडीवर काम केलं की सहा महिने वाया जातात.

---

वाणी_उपचार

सरांच्या यादीत कान आणि भाषा घालते. आपल्या भागात ते पहिलं यावं असं माझं मत.

घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, पहिलीला इंग्रजी माध्यम, गल्लीत हिंदी. अनेक भाषांमुळे मूल बिघडत नाही, भाषाविकारही होत नाही, ही भीती सोडा. पण बाई कन्नडमध्ये 'पुस्तकं आत ठेवा, रांगेत या' म्हणतात, पोराला अर्धं कळतं, ते जागेवर बसून राहतं, बाईंना वाटतं मुद्दाम करालाय. तिसऱ्यांदा ओरडा बसला की ते खरंच अडून बसतं. मग 'सांगितलेलं ऐकत नाही' ह्या रकान्यात खूण होते.

घरी करता येईल अशी साधी चाचणी. टीव्ही बंद, हातवारे नाहीत, डोळ्यांनी वस्तूकडे बघायचं नाही. मराठीत सांगा: 'चमचा आण.' मग 'चमचा ताटात ठेव आणि दार लाव.' मग 'दार लावायच्या आधी दिवा घालव.' चार वर्षांच्या मुलाला दुसरी सूचना जमायला हवी, सहा-सातच्या मुलाला तिसरीही. हे सगळं चांगल्या मूडमध्ये, खेळासारखं, नाहीतर न कळणं आणि न ऐकणं वेगळं काढता येणार नाही. मराठीत जमतं आणि कन्नडमध्ये अडतं, तर प्रश्न सरावाचा. मराठीतही अडतं, तर भाषेची तपासणी करून घ्या, आणि ती मराठीत करा असं आधीच सांगा. कन्नड किंवा इंग्रजीतल्या चाचणीवर मराठी घरातल्या पोराचा निकाल लावू नये. दुभाषी लागला तर मोठा माणूस असावा, मोठी बहीण नको.

कानाची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. पावसाळ्यात खानापूर-जांबोटी पट्ट्यात सर्दी आणि कानात पाणी साठणं महिनोन्महिने चालतं. अशा वेळी ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. एक दिवस ऐकतं, एक दिवस नाही, आणि घरच्यांना ते नाटक वाटतं.

---

निपाणीकर७७

हे सगळं मान्य. पण तपासण्या होईस्तोवर घरात रोज महाभारत चालू असतं त्याचं काय ओ? सात वर्षांचं पोरगं आहे असं धरा. उद्या सकाळी काय करायचं?

---

बालमानस

उद्या सकाळी काही बदलायचं नाही. एक आठवडा वहीत नुसतं लिहायचं. पाच रकाने: वेळ, भडका उडायच्या आधी काय झालं, मुलाने काय केलं, मोठ्यांनी काय केलं, शेवटी मुलाला काय मिळालं किंवा काय टळलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा आणि लोक नेमका तोच रिकामा ठेवतात.

शिवाय, दिवसातला कुठलाही एक तास घ्या आणि मुलाला किती हुकूम दिले ते मोजा. 'अरे', 'थांब', 'ते ठेव', 'नको म्हटलं ना' सगळं धरायचं. आकडा बघून घरातले गप्प होतात.

वही लिहिली की एक चक्र दिसायला लागतं. अमेरिकेत ओरेगनला जेरल्ड पॅटरसन यांनी १९७०-८०च्या दशकांत घरोघरी निरीक्षणं करून ते मांडलं. आई सांगते, मूल नाही म्हणतं. आई आवाज चढवते, मूल किंचाळतं, वस्तू फेकतं. आई थकून म्हणते 'जा, नको करू.' क्षणात शांतता. मुलाला कळलं की किंचाळलं की काम टळतं. आईलाही कळलं की सोडून दिलं की डोकं शांत होतं. दोघांनाही बक्षीस मिळालं. कधी उलटं घडतं: आई एवढी ओरडते की मूल करून टाकतं. मग आईला ओरडण्याचं बक्षीस. दोन्हीकडून दोर ताणला जातो आणि दर महिन्याला आवाजाची पट्टी वर.

पुढचं सगळं हे चक्र तोडण्यासाठी आहे. मुलाचा स्वभाव बदलण्यासाठी नाही. म्हणून ट्रेनिंग पालकांचं असतं. दोष पालकांचा आहे असं त्यातून निघत नाही. काही मुलं जन्मतःच चिडखोर, न वळणारी असतात आणि साध्या घराला ती त्या चक्रात लवकर ओढतात.

---

शहापूरकरीण

दुसऱ्या आठवड्यापासूनचं मी लिहिते. हुकूम सुधारायच्या आधी 'खास वेळ' सुरू करा. सगळ्यांना हे फालतू वाटतं आणि सगळे इथेच गाळतात, म्हणून नीट लिहिते.

रोज पाच मिनिटं. रोज म्हणजे त्या दिवशी पोराने ताट फेकलं असलं तरी. हे बक्षीस नव्हे, त्यामुळे शिक्षा म्हणून काढून घ्यायचं नाही. ठोकळे, माती, चित्रं, भातुकली, गाड्या चालतील. कॅरम, पत्ते, मोबाईल नको, कारण हार-जीत आणि नियम आले की भांडण आलंच. खेळ मूल ठरवतं, तुम्ही मागे मागे जायचं.

तीन गोष्टी करायच्या. जे करतंय ते बोलून दाखवायचं: 'लाल ठोकळा वर ठेवलास.' ते जे बोलेल ते परत म्हणायचं: 'हो, हा ट्रक उसाचा आहे.' आणि नेमकं कौतुक: 'ठोकळे हळू ठेवलेस, छान.' नुसतं 'गुड बॉय' फार कामाचं नाही, काय चांगलं केलं ते त्याला कळत नाही. तीन गोष्टी टाळायच्या: प्रश्न, हुकूम, टीका. 'हे काय केलंस?', 'हा कुठला रंग?' हेही प्रश्नच. आपल्याकडे पोर खेळायला बसलं की मोठ्यांना लगेच परीक्षा घ्यायची खोड.

पीसीआयटी नावाच्या पद्धतीत (शीला आयबर्ग यांनी बांधलेली, दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी) पालकांनी पाच मिनिटांत दहा नेमकी कौतुकं, दहा वर्णनं, दहा वेळा मुलाचं बोलणं परत म्हणणं, आणि प्रश्न-हुकूम-टीका मिळून तिनापेक्षा कमी, एवढं गाठायचं असतं. घरी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, नंतर मोजा. पहिल्यांदा प्रश्नच वीस-पंचवीस निघतात, घाबरू नका.

दोन आठवडे नुसतं हेच. मग हुकूम.

---

निपाणीकर७७

आणि खेळताना शिव्या दिल्या, ठोकळा फेकून मारला तर?

---

शहापूरकरीण

शिवी, कुरकुर, तोंड वेंगाडणं: मान वळवायची, स्वतः ठोकळ्यांशी खेळत राहायचं, काही बोलायचं नाही. गप्प झालं की लगेच, दोन-तीन सेकंदांत, परत वळून बोलायचं. हे परत वळणं राहून गेलं तर तो नुसता रुसवा होतो.

मारलं किंवा वस्तू फोडली, तर 'आजचा खेळ संपला, उद्या परत' एवढं म्हणून उठायचं. भाषण नाही.

---

गुरुजी_चिकोडी

आता हुकूम कसा द्यायचा. स्वयंपाकघरातून दिलेला हुकूम मोजू नका, तो हुकूमच नाही. मुलापासून हातभर अंतरावर जा, नाव घ्या, ते बघेपर्यंत थांबा. एका वेळी एकच काम, आणि काय करायचं ते सांगा, काय नको ते नव्हे. 'पळू नको' ऐवजी 'माझ्या बाजूने चाल.' 'नीट राहा' हे कुठल्याच पोराला कळत नाही. 'दप्तर खुंटीला लाव' कळतं.

प्रश्नासारखा हुकूम देऊ नका. 'आंघोळ करतोस काय?' याचं प्रामाणिक उत्तर 'नाही' असं येऊ शकतं. आपल्याकडची 'ये की बाळा, जेव की' ही विनवणीही ह्या मुलांसाठी सोडा. साधं, सपाट आवाजात: 'ये. पाटावर बस.'

मग मनात पाच आकडे मोजा. ह्या पाच सेकंदांत तुमचं तोंड बंद. ९० टक्के मोठी माणसं (आकडा माझा, शास्त्राचा नाही) दुसऱ्या सेकंदाला परत सांगतात. हलायला लागलं की तिथल्या तिथे कौतुक, काम संपायची वाट बघू नका. नाही हललं तर एकच इशारा: 'दप्तर लावलं नाहीस तर आज संध्याकाळचा टीव्ही नाही.' परत पाच सेकंद. नाही केलं, तर सांगितलेलं करून दाखवा, त्याच दिवशी, न चिडता.

जो परिणाम करून दाखवता येणार नाही तो तोंडातून काढू नका. 'जत्रेला नेणार नाही' म्हणायचं आणि घर बंद करून सगळे निघाले की त्यालाही घेऊन जायचं, याने महिन्याचं काम बुडतं.

सुरुवातीला दिवसाला असे पाच-सहाच हुकूम, आणि त्यातले तीन-चार त्याला आवडणाऱ्या कामांचे: 'हा लाडू आजोबांना दे.' ऐकायची सवय सोप्या कामांनी लागते. बाकीचं सगळं सोडून द्या. केस विंचरले नाहीत, राहू देत.

---

अनसूया_अथणी

गुरुजी, एकत्र कुटुंबात ही पद्धत पहिल्या दिवशीच फसते. आई टीव्ही बंद करते, आजी पोराला खोलीत बोलावून आपल्या मोबाईलवर लावून देते. वर काका म्हणतात, 'आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं.'

---

शहापूरकरीण

अनसूयाताई, आजीला नियम शिकवायला जाऊ नका. तिला काम द्या. खास वेळेची पाच मिनिटं रोज आजीने घ्यावीत, कौतुक आजीने करावं. त्यात ती सगळ्यांत तरबेज असते. टीव्ही बंद करणं, इशारा देणं हे आई-बाबांकडेच. आजीकडून एकच गोष्ट मागायची: भडका चालू असताना आणि त्यानंतर अर्धा तास खाऊ नाही, मोबाईल नाही. अर्ध्या तासाने दिला तर हरकत नाही. 'कधीच देऊ नका' असं सासूबाईंना सांगून बघा, संध्याकाळपर्यंत नणंदेचा फोन येईल.

आणि आजीने मोडलंच तर मुलासमोर बोलायचं नाही. मोठ्यांचं भांडण बघायला मिळणं हेही त्याला बक्षीसच.

तीन नियम, मोठ्या अक्षरात, कपाटाच्या दाराला आतून: मारायचं नाही, वस्तू फोडायची नाही, घराबाहेर सांगून जायचं. बाहेरून चिकटवू नका, येणारा-जाणारा वाचतो आणि पोराची लाज निघते.

---

खानापूर_रोड

आपल्या तालुक्यातल्या बऱ्याच घरांत वडील गोव्यात कामाला आणि शनिवारी रात्री घरी. आठवडाभराच्या तक्रारींची यादी त्यांच्यासमोर वाचली जाते, मग रविवारी एकतर मार, नाहीतर अपराधी वाटून खेळणी आणि हॉटेल. यावर कुणी लिहिणार का?

---

बालमानस

'बाबा येऊ दे मग बघ' हे वाक्य घरातून काढून टाका. मंगळवारच्या चुकीचा परिणाम रविवारी आला की मुलाच्या डोक्यात तो चुकीशी जोडला जात नाही, बाबांशी जोडला जातो. मंगळवारचं मंगळवारी आईने संपवायचं. बाबांना फोनवर फक्त त्या दिवशीची एक चांगली गोष्ट सांगायची आणि बाबांनी ती मुलाला नाव घेऊन परत सांगायची. रविवारी बाबांची खास वेळ पंधरा मिनिटं. खेळणी आणायचीच असतील तर येताना पिशवीत आणू नका, तक्त्याच्या बक्षिसात घाला.

तक्ता म्हणजे एका वेळी दोनच कामं, रोज खूण, रोज छोटं बक्षीस. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आठवडाभर थांबवून सायकलचं आमिष दाखवलं तर ते तिसऱ्या दिवशी तक्ता फाडतं. आज दोन खुणा झाल्या तर आज रात्री जास्तीची एक गोष्ट, किंवा आवडीची भाजी तो ठरवणार. पैसे नकोत. मिळालेली खूण रागाने खोडायची नाही. ती कमाई झाली, विषय संपला. दोन आठवड्यांनी बक्षीस बदला, तेच तेच शिळं होतं.

---

निपाणीकर७७

टाईम-आऊट?

---

गुरुजी_चिकोडी

टाईम-आऊट म्हणजे मुलाला थोडा वेळ एका जागी बाजूला बसवणं आणि कुणी लक्ष न देणं. तीन ते साधारण आठ वर्षांपर्यंतच, आणि फक्त मारणं, फोडणं किंवा इशारा देऊनही न ऐकणं यासाठी. तीन मिनिटं पुरतात. शेवटची पाच सेकंद शांत असली की उठवायचं आणि जे काम टाळलं होतं तेच परत सांगायचं. हे परत सांगणं राहिलं तर कोपऱ्यात बसणं ही काम चुकवायची सोय होते.

शहापूर-वडगावच्या दोन खोल्यांच्या घरात वेगळी जागा कुठली? भिंतीकडे चटई टाका आणि बाकी सगळे त्या तीन मिनिटांत गप्प. जागेपेक्षा लक्ष काढून घेणं महत्त्वाचं. अंधारी खोली, न्हाणीघर, बाहेरून कडी, उंबऱ्याबाहेर उभं करणं: हे काही टाईम-आऊट नव्हे. ओढत, उचलून नेऊन बसवायचं नाही, त्यात कुस्ती होते आणि पोराला कुस्ती हवीच असते. बसलंच नाही, तर 'बसेपर्यंत टीव्ही, मोबाईल, सायकल बंद' म्हणा आणि आपल्या कामाला लागा.

---

वाणी_उपचार

इथे मी जरा वेगळं म्हणेन. ज्या मुलांचा भडका न जमण्यातून येतो, त्यांना कोपऱ्यात बसवून काही शिकवलं जात नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉस ग्रीन यांची पद्धत बघा: भडक्याच्या वेळी काही सोडवायचं नाही, शांत वेळी एकच विषय घेऊन बसायचं.

उदाहरण: कन्नडची वही काढली की आरडाओरडा. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी पोट भरलेलं असताना विचारायचं, 'कन्नडचा अभ्यास काढला की तुला राग येतो असं दिसतं. काय होतं नेमकं?' मग थांबायचं. 'माहीत नाही' येईल. 'लिहायचं जास्त होतं की वाचायचं?' असे दोन पर्याय द्या. बऱ्याचदा निघतं की खाली जोडलेली ओत्तक्षरं वाचता येत नाहीत आणि वर्गात हसतात. दुसरी पायरी, आपली अडचण: 'वही कोरी गेली तर बाई मला बोलावतात.' तिसरी: 'दोघांचं जमेल असं काय करूया?' पोर म्हणेल ताईने वाचून दाखवावं, मी तीनच ओळी लिहीन. करून बघायचं, आठवड्याने परत बसायचं. उपाय पहिल्या बैठकीत सापडत नाही, आणि विचारताना आवाजात वकिली आली तर पोर बंद होतं.

---

गुरुजी_चिकोडी

सात वर्षांच्या पोराशी वाटाघाटी करायच्या तर शाळेची घंटा होऊन जाते, ताई.

---

बालमानस

दोघांनाही आधार आहे. व्हर्जिनिया टेकमध्ये ओडीडीच्या मुलांवर ह्या दोन पद्धतींची तुलना झाली, २०१६ साली प्रसिद्ध झाली. दोन्हींचा गुण साधारण सारखाच, दोन्ही गटांत जवळपास अर्धी मुलं चांगली सुधारली. माझा कौल: सातच्या आत आणि मारामारी जास्त असेल तर गुरुजींचा रस्ता आधी, नऊ-दहाच्या पुढे, किंवा काळजी, वाचनाची अडचण, हट्टी अडकून बसणं असेल तर वाणीताईंचा. सुरक्षिततेचे तीन नियम मात्र दोन्हीकडे कायम.

कुठलीही घ्या, पहिले एक-दोन आठवडे वर्तन वाढतं. आधी दहा मिनिटं किंचाळून काम व्हायचं, आता होत नाही, म्हणून ते पंचवीस मिनिटं किंचाळून बघतं. नेमकं इथे घर हार मानतं आणि मग मुलाला कळतं की पंचविसाव्या मिनिटाला दार उघडतं. हा आठवडा मुद्दाम निवडा. घरात लग्न, गणपती, परीक्षा नसताना. शेजारी भिंतीला भिंत लावून राहत असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर समजूत काढायला तेच खाऊ घेऊन येतात.

---

अनसूया_अथणी

मोबाईल काढून घेताना आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत आवाज चढतात. तेवढं सांगा.

---

शहापूरकरीण

देतानाच शेवट ठरवा. 'अर्धा तास' नको, 'दोन व्हिडिओ' किंवा 'एक डाव.' मध्येच हिसकावलं तर मोठं माणूससुद्धा भडकतं. पाच मिनिटं आधी सांगा, घड्याळाचा गजर लावा म्हणजे बंद करणारं घड्याळ असतं, आई नव्हे. बंद केल्यावर हातात घ्यायला काहीतरी तयार असू द्या. रिकाम्या हाताचं पोर दोन मिनिटांत परत येतं. जेवताना आणि झोपायच्या आधी एक तास नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही लागू. काकांनाही.

---

खानापूर_रोड

शाळेचं काय? दर आठवड्याला बोलावणं येतं, 'दुसरी शाळा बघा' म्हणतात.

---

गुरुजी_चिकोडी

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६: प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७: मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी. कायदा माहीत असू द्या, पण पहिल्या भेटीत टेबलावर आपटू नका. शिक्षकाच्या वर्गात चाळीस पोरं असतात. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग एसडीएमसी (शाळेची पालक समिती), मग बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी). निपाणी, अथणी, रायबाग, हुक्केरी हे चिकोडी शैक्षणिक जिल्ह्यात येतात, बेळगावच्या कार्यालयात चकरा मारू नका. अर्ज कन्नडमध्ये द्या, पोचपावती घ्या. बीआरसीत (तालुक्याचं शिक्षण साधन केंद्र) विशेष मुलांसाठी साधन शिक्षक असतात, त्यांना भेटा.

वर्गशिक्षकाला एकच मागा: रोजची चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर तीनच कामं, नेमकी: 'हाक मारल्यावर जागेवर बसला', 'वही उघडली', 'हात लावला नाही.' सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर, दोन वेळा बरोबर किंवा रिकामं. फुली नाही, शेरा नाही. सहापैकी चार आले की घरी बक्षीस. कमी आले तर घरी शिक्षा नाही, नाहीतर चिठ्ठी वाटेतल्या गटारात जाते. शिक्षकाचं काम मिनिटाभराचं असेल तरच तो ते महिनाभर करेल. चिठ्ठ्या तुम्हीच झेरॉक्स काढून गठ्ठा नेऊन द्या.

वर्गात सगळ्यांसमोर आव्हान देऊ नका एवढंही सांगा. बाकापाशी जाऊन हळू आवाजात सांगून पुढे निघून जायचं. उभं राहून बघत राहिलं की वर्ग प्रेक्षक होतो आणि ते पोर माघार घेत नाही.

---

औषधवाला

औषधांबद्दल थोडक्यात. ओडीडीसाठी म्हणून मंजूर झालेली गोळी नाही. सोबत एडीएचडी असेल तर त्याची औषधं देतात आणि त्याने ओडीडीही बऱ्याचदा नरमतं. मिथाईलफेनिडेट 'शेड्यूल एक्स'मध्ये येतं: ते ठेवायला दुकानाला वेगळा परवाना लागतो आणि चिठ्ठी दोन प्रतींत, एक दुकानात राहते. त्यामुळे गावातल्या दुकानात मिळणार नाही. शेवटच्या गोळीची वाट न बघता आठवडाभर आधी विचारा. भूक कमी होते, झोप उशिरा लागते; म्हणून सकाळी नाश्त्यानंतर, आणि दर भेटीत उंची, वजन, नाडी, रक्तदाब. अ‍ॅटोमॉक्सेटिनचा गुण यायला चार-सहा आठवडे जातात, दहा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून बंद करू नका.

रिस्पेरिडोन (तीव्र मनोविकारांवरचं औषध) फक्त धोकादायक मारामारी असेल आणि बाकी उपाय करून झाले असतील तर, थोड्या काळासाठी. वजन झपाट्याने वाढतं, साखर-चरबी तपासावी लागते. 'पोरगं शांत झोपतंय' हा गुण नव्हे, ती गुंगी. आणि शेजारच्या पोराची चिठ्ठी दाखवून औषध मागायला येऊ नका ओ, येतात लोक.

---

निपाणीकर७७

दाखवायचं कुठे? आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं काय?

---

बालमानस

बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं रुग्णालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून साधारण ७५-८० किलोमीटर. गुंतागुंतीचं असेल तर बंगळूरला निमहान्सचा बाल मानसोपचार विभाग. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर, मिरज जवळ पडतं, पण कर्नाटकातली शिधापत्रिका आणि सरकारी योजनेचं कार्ड तिथे चालेल का ते आधी फोनवर विचारा. तालुका इस्पितळात मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक दिवशी येतात, सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमात. दिवस विचारून जा. टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठी भाषा निवडता येते. जाताना वही, शाळेच्या चिठ्ठ्या आणि भडक्याचा एक छोटा व्हिडिओ न्या. दवाखान्यात पोर हमखास शहाण्यासारखं बसतं. तो व्हिडिओ घरच्या गटावर टाकू नका.

प्रमाणपत्र: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ओडीडी नाही. वाचन-लेखनाची अक्षमता आहे, तिची तपासणी झाली तर परीक्षेतल्या सवलतींचा मार्ग त्या बाजूने निघतो.

---

अनसूया_अथणी

दृष्ट काढणं, देवाला नेणं याला डॉक्टर हसतात म्हणून लोक सांगत नाहीत.

---

बालमानस

मीठ-मोहरी ओवाळून टाकली तर हसणार कोण? मिरचीची धुरी तोंडापुढे धरणं, उपाशी ठेवणं, बांधणं मात्र चालणार नाही. आणि उतारा केला म्हणून तारीख चुकवू नका.

---

खानापूर_रोड

शेवटचा प्रश्न माझा. मूल तेरा-चौदाचं असेल तर? चटई आणि ठोकळे तिथे नाही चालणार.

---

बालमानस

नाही चालणार. तिथे करार. मोठ्यांनी न सोडायच्या गोष्टी तीनच निवडायच्या: मारहाण नाही, रात्री ठरल्या वेळेला घरी, आणि गाडी नाही. स्कूटरच्या किल्लीवरून आपल्याकडे सर्वांत जास्त भडके उडतात, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून ही गोष्ट वाटाघाटीत येतच नाही. केस, कपडे, खोलीतला पसारा, आतेभावाच्या लग्नाला यायचं की नाही: हे त्याच्याकडे सोपवा. मधलं सगळं, म्हणजे मोबाईलचे तास, क्लास, पैसे, कागदावर लिहून दोघांच्या सह्या, पंधरा दिवसांनी परत बसणं. काढून घेतलेली सवलत चोवीस तासांत परत. महिनाभर मोबाईल जप्त केला की दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे गमवायला काही उरत नाही.

ह्या वयात चिडचिडीकडे वेगळं लक्ष द्या. हुज्जत आणि नियम मोडणं एका बाजूला. सतत चिडकं, दुखावलेलं राहणं दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या प्रकारात पुढे नैराश्य येण्याचा धोका जास्त. झोप उलटीपालटी, जेवण तुटलं, मित्र सोडले, 'मी नसतो तर बरं' असं बोललं तर करार बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दाखवा. स्पष्ट विचारा, 'मरायचे विचार येतात का?' विचारल्याने विचार येत नाहीत. हो म्हणालं तर एकटं सोडायचं नाही, शेतीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलुपात, आणि त्याच दिवशी दवाखाना. चोरी, आग लावणं, जनावरांना इजा, रात्रभर बाहेर राहणं सुरू झालं असेल तर ते ओडीडीच्या पुढे गेलेलं आहे, फेरतपासणी करून घ्या.

---

शहापूरकरीण

वहीचे पाच रकाने आणि शाळेची चिठ्ठी, दोन्हीचे नमुने मराठी-कन्नड दोन्हीत करून उद्या इथे टाकते. गुरुजी, कन्नड तेवढं तपासून द्या.